आमच्या चर्चचा दुसरा इतिहास

आमच्या गावच्या चर्चचा इतिहास मी दोनदा लिहिला. पहिला खरा होता. त्याच्या प्रती आम्हीच घरोघर फिरून गोळा केल्या आणि जाळल्या. दुसरा चर्चच्या कपाटात सुरक्षित आहे आणि त्यात एकाही गावकऱ्याचं नाव नाही. या लेखातही तुम्हाला कुणाचं नाव सापडणार नाही, गावाचंसुद्धा नाही. सोलापुरातून कुंभारीच्या रस्त्याला लागलं की पुढं तासाभरात येतं, एवढं पुरे. जास्त विचारू नका. एकदा सांगून पस्तावले आहे.

मी सोलापूरच्या एका शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झालेल्या बाईला काही काम नसतं असा सगळ्यांचाच समज असतो, त्यामुळं चर्चची शंभरी जवळ आली तेव्हा पंच कमिटीनं स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात मारलं. पाळकसाहेब तरुण आहेत. चार गावांना मिळून ते एकटेच, त्यामुळं दर रविवारी मोटारसायकलवरून गावोगाव उपासना घेत फिरतात. आमच्या वाट्याला सकाळचे आठ ते साडेनऊ येतात. ते म्हणाले, "बाई, दहा-बारा पानं झाली तरी चालतील. मिशनचे जुने अहवाल आहेत, त्यावरून उतरवून काढा."

मी ते अहवाल वाचले आणि माझं डोकं फिरलं. मिशनचे गोरे साहेब कुठल्या महिन्यात आले, मॅडमना ताप कितीदा आला, तंबू कुठं ठोकला, कौलं कुठून मागवली, सगळं बारकाईनं लिहिलेलं. साहेबांच्या घोड्याचं नाव होतं त्यात. घोड्याचं! आणि दगड कुणी फोडला, चुना कुणी मळला, विहिरीतून पाणी कुणी ओढलं, तर स्थानिक लोकांनी मदत केली एवढ्या अर्थाचं एक वाक्य. शंभर वर्षांत आमच्या माणसांच्या वाट्याला आलं ते एवढंच. मी त्याच दिवशी ठरवलं की आपल्या इतिहासात घोडा नसला तरी चालेल, पण माणसं नावानिशी आली पाहिजेत.

माणसांची माहिती होती आईकडं. आई ऐंशीला टेकलेली. गावात माझ्या धाकट्या भावाकडं राहते, चर्चपासून तिसरं घर. तिला कालचं जेवण आठवत नाही, पण तिच्या सासूनं तिला सांगितलेलं सगळं पाठ आहे. चर्च दुष्काळात बांधलं. ओढ्यापलीकडं काळ्या दगडाची खाण होती. दिवसभर दगड फोडायचे, वाहायचे आणि संध्याकाळी पदरात ज्वारी घेऊन घरी यायचं. माझ्या वडिलांच्या आजीनं पाठीला तान्हं मूल बांधून त्या भिंतींचे दगड वाहिले. ते तान्हं मूल म्हणजे माझे आजोबा.

गावात आजही कुणाशी भांडण झालं की आम्हाला ऐकवतात, ज्वारीसाठी बाटलेली माणसं तुम्ही. लहानपणी मी रडत घरी यायची. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "ज्वारी समद्या गावानं खाल्ली की. रांगेत समदीच हुती. पर बसाय जागा आमास्नी फकस्त हितं मिळाली. दुसऱ्या कुटल्या देवळात मिळत हुती, ते इचार जा त्यास्नी." मी कधी जाऊन विचारलं नाही. पण शंभर वर्षांच्या इतिहासात तेवढं एक वाक्य तरी छापायचंच, असं मी मनाशी धरलं.

आईबद्दलही लिहायचं होतं. ती लग्नाआधी मिशनच्या बोर्डिंगात चौथीपर्यंत शिकली होती. लग्न होऊन इथं आली तेव्हा आमच्या गल्लीत वाचता येणारी ती एकटीच बाई. दर रविवारी दुपारी चर्चच्या शहाबादी फरशीवर खडूनं अक्षरं काढून ती बायकांना शिकवायची. आमच्या मंडळीतल्याच नाही, धनगराच्या आणि लिंगायतांच्या घरातल्या दोघी-तिघीही यायच्या. एकीला तर मराठी धड बोलता येत नव्हतं, ती कानडीत विचारायची आणि आई मराठीत उत्तर द्यायची. शिकवून झालं की आई फरशी ओल्या फडक्यानं पुसून काढायची, कारण संध्याकाळी पंच आले की कुरकुर करायचे. असं तिनं पुढची चाळीस वर्षं केलं. गावातल्या किती बायका अंगठ्यावरून सहीवर आल्या ते कुणी मोजलेलं नाही. उपासनेत शास्त्रपाठ वाचायला व्यासपीठावर उभी राहिलेली आमच्या चर्चमधली पहिली बाई तीच. मिशनच्या एकाही अहवालात तिचा उल्लेख नाही. तिला पगार नव्हता आणि अहवाल पगारी माणसांचे असतात.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या लोकांना दोन नावं असतात. एक शाळेच्या दाखल्यावरचं, एक बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातलं. तलाठी एका नावानं हाक मारतो, पाळकसाहेब दुसऱ्या. दाखल्यावर हिंदू आणि पुढं जात, रजिस्टरात ख्रिस्ती. कारण सरकारी नियम असा की आमच्या जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची राखीव जागांची सवलत गेली. धर्म बदलला की जात संपते, असं म्हणतात. आमची जात चहाच्या टपरीवर संपली नाही, लग्नाच्या बैठकीत संपली नाही, भाड्यानं खोली मागायला गेल्यावर तर मुळीच संपली नाही; ती फक्त फॉर्म भरताना संपते. तेव्हा आमच्या बापजाद्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला. देवासाठी एक नाव, कचेरीसाठी एक.

यात गुपित असं काही नाही. गावाला माहीत आहे, शाळेला माहीत आहे, ग्रामपंचायतीला माहीत आहे. फक्त ही दोन नावं एका कागदावर शेजारी शेजारी लिहायची नाहीत, एवढा एकच नियम. तो कुणी कुणाला शिकवत नाही. आमच्यातल्या सहा वर्षांच्या पोरालाही तो कळतो.

आमच्या घरात तर हे आणखी गमतीचं. वडिलांनी मला सोलापूरला बोर्डिंगात घातलं, तिथं माझ्या नावापुढं ख्रिस्ती लागलं. भावाला गावातल्या शाळेत घातलं, तिथं मास्तरांनी विचारलं, काय लिहू? वडील म्हणाले, गावात जे म्हणतात ते लिवा. मास्तरांनी हिंदू लिहिलं आणि जात लिहिली. एकाच आईची दोन लेकरं, सरकारी कागदावर दोन धर्मांची. मला आयुष्यात कुठली सवलत मिळाली नाही याचा मी बरीच वर्षं जरा ताठा बाळगला, हेही इथं कबूल करते. भावाला मिळाली त्यातलीही त्याला फार लाभली नाही. दहावीनंतर तो शेतीतच राहिला. पण त्याची मुलगी शिकली.

मी वर्षभर दर शनिवारी एसटीनं गावी जाऊन स्मरणिकेसाठी माहिती जमवली. रजिस्टर कपाटातून काढलं, पानं सुटलेली होती ती शिवली, ओळ न् ओळ उतरवली. बातमी पसरली तसे लोक यायला लागले. आमच्या आजोबांचं नाव घाला, आमच्या आज्जीनं घंटेची कमान लिंपली होती तेही घाला. कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले एक काका दर खेपेला यायचे. त्यांचं म्हणणं, गावातला पहिला बाप्तिस्मा त्यांच्या पणजोबांचा. रजिस्टरात त्यांचे पणजोबा तिसरे होते. मी त्यांना ते पान दाखवलं. ते म्हणाले, "रजिस्टर लिवणारा तुमच्या घरचा असंल." मी म्हणाले, "लिहिणारा साहेब होता, काका." तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

छापायला द्यायच्या आदल्या दिवशी भाऊ म्हणाला, "आक्का, नावं घाल. पर दोन्ही घालू नगं. एकच घाल, चर्चचं."

मी म्हणाले, "चर्चची नावं आता ओळखतं कोण? नातवंडांना कळायला नको का, हा कुणाचा कोण ते?"

"आक्का, ऐक की माजं."

नाही ऐकलं. शिक्षकी पेशाचा हा दोष असतो. वर्गात तीस-चाळीस वर्षं कुणी उलट बोललेलं नसतं. एकोणिसाव्या पानावर मी मूळ सोळा घरांची यादी दिली. प्रत्येक घरातला पहिला माणूस, त्याचं रजिस्टरातलं नाव, पुढं कंसात गावातलं नाव आणि आडनाव, आज त्या घरात कोण आहे तेही. आणि खाली चौकटीत आईवर बारा ओळी. मला वाटलं, शंभर वर्षांची भरपाई केली मी. किती मूर्ख होते!

शंभरीच्या दिवशी मंडप होता, सोलापूरहून पाहुणे होते, पोळ्या-आमटी आणि शेंगाचटणी होती. आईच्या हातात स्मरणिका दिली. तिनं चष्मा लावला, एकोणिसावं पान काढलं आणि चौकटीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत स्वतःचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. म्हणाली, "आगं, माजं नाव छापल्यालं कसं दिसतंय, बघ तरी." त्या दिवशी तिनं ती स्मरणिका कुणाला हात लावू दिली नाही. बायका बघायला आल्या की ती स्वतःच वाचून दाखवायची. मला त्या दिवसाइतका आनंद माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

भावाची मुलगी, माझी भाची, नर्सिंग करून सरकारी दवाखान्याच्या परीक्षेला बसली होती. तीन वेळा बसली, चौथ्यांदा निवड झाली. आमच्या गल्लीतली सरकारी नोकरीत निवडली गेलेली ती पहिली मुलगी. निवड राखीव जागेवर, तेव्हा जातीच्या दाखल्याची पडताळणी आली. कागद सगळे नीट होते: भावाचा दाखला, चुलत्यांचे दाखले, सगळीकडं तेच लिहिलेलं. महिनाभरात काम होईल असं सगळे म्हणत होते.

मग पत्र आलं. पडताळणीत एक निनावी अर्ज दाखल झाला होता की हे कुटुंब चार पिढ्या ख्रिस्ती आहे. पुराव्यादाखल अर्जाला एका स्मरणिकेच्या एकोणिसाव्या पानाची झेरॉक्स जोडली होती.

अर्ज कुणी केला याचा पुरावा नाही. पण मला तेवढी अक्कल आहे. गावातल्या दुसऱ्या कुणाला ते पान उघडायचं काही कारण नव्हतं. आणि मंडळीतल्या सोळापैकी पंधरा घरांत कुणा ना कुणाचा दाखला अडकण्याची भीती होती. फक्त एका घरातली मुलं पुण्याला खाजगी कंपनीत लागलेली, त्यांना दाखल्याची गरज उरली नव्हती. ज्याचा पणजोबा मी तिसऱ्या नंबरवर छापला त्याचं ते घर. देवासमोर पहिला नंबर लागावा म्हणून एक म्हातारा माणूस पोरीच्या पोटावर पाय देतो, हे मी नुसतं ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

त्यानंतरचा रविवार मी विसरणार नाही. उपासना कशीबशी उरकली आणि माणसं माझ्याभोवती जमली. आमच्या आजोबांचं नाव घाला म्हणून माझ्या मागं लागलेलीच ही माणसं. आता म्हणाली, बाई, तुमी आमचा घात केला. कुणाचा मुलगा पोलीसभरतीला बसला होता, कुणाच्या सुनेला अंगणवाडीत घ्यायचं होतं. सोमवारी सकाळी पंचांनी घरोघर जाऊन प्रती गोळा केल्या आणि चर्चच्या मागच्या अंगणात त्यांचा ढीग घालून पेटवला. पाळकसाहेब हात मागं बांधून उभे होते. मला म्हणाले, "बाई, चांगलं लिहिलं होतं हो तुम्ही." मी म्हणाले, "मग विझवा." रजिस्टरही कपाटातून गेलं. कुणी नेलं ते मी विचारलं नाही आणि मला सांगितलंही नाही. आईची प्रत भावानं तिच्या उशाखालून काढून आणली. ती तेव्हा आंघोळीला गेली होती.

भाची सोलापूरला माझ्या घरी आली. स्कूटरवरून उतरल्यावर ती आत येऊन बसेल असं मला वाटलं, पण ती दारातच उभी राहून बोलली. "आत्या, तुला कंसात लिहायला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "जे लिहिलं ते खरं होतं."

"खरं मला पण माहितीय. मीसुद्धा आजीसमोर फरशीवर बसून बाराखडी शिकलेय. पण खऱ्यावर मला नोकरी कोण देणार आहे? तू देणार आहेस? तुझी पेन्शन सुरू आहे, म्हणून तुला खरं परवडतं."

मला राग आला, फार राग आला. आणि तिचं एक अक्षरही खोडता येईना. मी तिला पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली आणि रडायला लागली. मी तिथंच कागद घेऊन बसले आणि पडताळणी समितीला निवेदन लिहिलं की सदर मजकूर मी ऐकीव माहितीवरून लिहिला असून वयोमानामुळं त्यात चुका झालेल्या आहेत. आयुष्यभर मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. ही चूक मात्र मी स्वतःच्या हातानं तयार केली, खाली सही केली.

पडताळणीच्या चौकशीला सरकारी साहेब येणार ती तारीख कळली. आदल्या दिवशी भावानं सोलापूरहून देवांच्या दोन तसबिरी आणून भिंतीवर लावल्या. तिथं आधी वडिलांच्या हातच्या अक्षरात एक प्रार्थना फ्रेम करून लावलेली होती, तिचा चौकोनी डाग तसबिरीच्या कडेनं दिसत होता. एका तसबिरीवर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती, ती मी नखानं खरवडून काढली. असं ठरलं की आईला आतल्या खोलीत ठेवायचं आणि म्हातारीला ऐकू येत नाही म्हणून सांगायचं. तिला विचारायचं कुणालाच सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण धीर झाला नाही. ती खोटं बोलणार नाही याची आम्हा सगळ्यांना खात्री होती. लहानपणी मी शेजारच्या परसातल्या चार शेंगा तोडून आणल्या तर तिनं मला हाताला धरून त्या परत द्यायला लावल्या होत्या.

साहेब अकराच्या सुमारास आले, बरोबर एक कारकून. माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढून आत आला, चहा घेतला, भावाला सण कुठले करता, लग्न कसं लागलं असं विचारत गेला. भाऊ पाठ केल्यासारखी उत्तरं देत होता आणि घाम पुसत होता. मग साहेबांनी झेरॉक्स माझ्यापुढं धरली. "मॅडम, हे तुम्हीच लिहिलंत?"

मी म्हणाले, "हो. पण ऐकीव माहितीवरून."

"आणि या चौकटीत ज्या बाईंबद्दल लिहिलंय, त्या तुमच्या आई ना? त्यांना भेटता येईल?"

भाऊ म्हणाला, "तिला ऐकाय येत न्हाय साहेब."

तेवढ्यात आतल्या दारात काठी वाजली. आई स्वतःच बाहेर आली, भिंतीला धरत धरत, आणि साहेबांसमोर खाली बसली. म्हणाली, "येतंय मला ऐकाय. इचारा."

भाची स्वयंपाकघराच्या दारात होती, तिनं डोळे मिटून घेतले.

साहेबांनी आवाज जरा चढवून विचारलं, "आजी, तुम्ही चर्चला जाता का?"

"जायची की. झाडाय जायची. लोटायचं, फरशी पुसायची."

"इथं लिहिलंय, तुम्ही तिथं बायकांना लिहायला-वाचायला शिकवायच्या. शास्त्र वाचून दाखवायच्या."

आई हसली. खरंच हसली. "मला कुटं वाचाय येतंय, साहेब? अडानी बाई हाय मी. आमच्या टायमाला कोन शिकवत हुतं बायास्नी? ही माजी लेक शिकल्याली हाय, तिला वाटतंय आपली आई बी मोटी असावी. तिनं लिवलं मनानं."

आणि माझ्याकडं बघितलंही नाही. मला नंतर कळलं, तिनं किती पुढचा विचार केला होता ते. वाचता येतं म्हटलं असतं तर कुठं शिकलात हा प्रश्न आलाच असता, आणि बोर्डिंगाशिवाय उत्तर नव्हतं. दोन रात्री तिनं हा हिशेब बसवला असणार. आम्ही तिला लपवायच्या गोष्टी करत होतो तेव्हा ती आत पडून सगळं ऐकत होती.

साहेबांनी थोडा वेळ तिच्याकडं बघितलं. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. तिच्या चष्म्याची केस तिच्या ओच्यात होती आणि अर्धी बाहेर दिसत होती. त्यांनी कारकुनाला जबाब लिहायला सांगितला, वाचून दाखवला. मग कारकुनानं बॅगेतून शाईचं पॅड काढलं, झाकण उघडून आईपुढं धरलं आणि तिचा डावा अंगठा धरून कागदावर टेकवला. गावातल्या बायकांनी अंगठा लावू नये म्हणून जिनं गुडघे झिजवले तिचा. मी उठून परसात गेले आणि तिथं उभी राहून रडले, मोठ्यानं रडले. कुणी ऐकलं असेल तर ऐको.

पडताळणीचा दाखला दीड महिन्यात आला. घरात कुणी पेढे वाटले नाहीत.

त्या चौकशीनंतरच्या रविवारी मी गावी होते. घंटा झाली. आई पांढरं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती. मी म्हणाले, "चल, हात धरते."

"न्हाय येत मी."

"का गं? देव माफ करतो, आई. तूच शिकवलंस आम्हाला."

"त्यो करंल. त्येचं भ्या न्हाय मला," ती म्हणाली. "पर मी तितं जाऊन बसले तर त्या सायबाला सांगितलेलं खोटं ठरंल. कुनी फोटू काडला, परत अर्ज केला, मग? पोरीनं काय करायचं?" मग म्हणाली, "तू जा. माज्या वाटणीचं तू ऐकून ये."

मी गेले नाही. तिथंच तिच्या शेजारी बसले. घर चर्चपासून तिसरंच, त्यामुळं गाणी स्पष्ट ऐकू येत होती. कुर्डुवाडीच्या काकांचा आवाज सगळ्यांत वर. आई ओठ न हलवता ऐकत होती.

पुढं कमिटीनं नवीन इतिहास मागितला, कारण शंभरीचा काहीतरी कागद मिशनकडं द्यायचा होता. मी तो एका दुपारी लिहून टाकला. साहेब आले, तंबू ठोकला, कौलं आणली, स्थानिक लोकांनी मदत केली. घोड्याचं नाव घातलं. घोड्याचं कुणी वाकडं करू शकत नाही. सगळ्यांना तो इतिहास फार आवडला. पंचांनी माझा नारळ देऊन सत्कार केला. मी तो नारळ बसस्टँडवर एका बाईला देऊन टाकला.

भाचीची नेमणूक माढ्याच्या बाजूला झाली. सहा महिन्यांनी ती रजा काढून आली तेव्हा मीही गावी गेले. भाऊ खुशीत होता, घरात नवीन फ्रिज आला होता. भाची बदललेली होती, बोलण्यात एक ठामपणा आला होता, आणि मला बरं वाटलं हे मी नाकारणार नाही. तिनं आजीच्या पायाशी बसून तिच्यासाठी आणलेली शाल तिच्या खांद्यावर घातली. आईनं शाल चाचपून बघितली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी हळू, एखादी गोष्ट मागताना लहान मूल विचारतं तसं विचारलं, "आता जाऊ का गं मी देवळात?"

आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. भाचीनं आधी भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. मी आता कुणाला खरं वागायला सांगणार नव्हते.

"आजी," ती म्हणाली, "अजून दोन वर्षं थांब. प्रोबेशन संपू दे माझं. एकदा कायम झाले की मी स्वतः तुला घेऊन जाते. तोवर कुणी परत अर्ज केला तर मला घरी बसवतील गं."

"दोन वर्सं व्हय," आई म्हणाली. तिनं मान हलवली. रागावली नाही, रुसली नाही. भाचीनं दर खेपेप्रमाणं तिचं बीपी बघायला पिशवीतून मशीन काढलं, तशी आईनं आपणहून चोळीची बाही वर केली आणि हात पुढं केला.

"बघ बरं नीट," ती म्हणाली, "निघतील का दोन वर्सं."